एकोणीस जणांचे एकच आजोबा

मु. देऊळकोंड, ता. गुहागर
९ जानेवारी २०२५

चि. दीपाली,

आशीर्वाद सवयीने लिहितो आहे. आज ते मनातून निघत नाहीत.

तुमच्या शब्दसाकव मंडळाचं पत्र काल शाळेत आलं. निबंध स्पर्धेचा निकाल आला असं वाटून आमच्या मुख्याध्यापकांनी ते दहावीच्या वर्गात, पोरांसमोरच फोडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. 'आपल्या शाळेकडून आलेल्या सर्व एकोणीस निबंधांत कॉपी आढळल्याने ते बाद करण्यात आले आहेत. पुढील तीन वर्षे आपल्या शाळेला या स्पर्धेत भाग घेता येणार नाही.' खाली सही तुझी. प्रमुख परीक्षक, प्रा. दीपाली मांडवकर. तू दहावीला याच वर्गात बसायचीस, म्हणून सांगतो, पोरं माना खाली घालून बसली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. कॉपी म्हणजे काय असतं, हे रत्नागिरीच्या कॉलेजात जाऊन विसरलीस काय? कॉपी म्हणजे मोज्यात लपवलेली चिठ्ठी. कंपासपेटीच्या झाकणावर पेन्सिलीने लिहिलेली सूत्रं. माझ्या आयुष्यात मी परीक्षा केंद्रावर एक चिठ्ठी शिरू दिलेली नाही. बोर्डाचं भरारी पथक आमच्याकडे येतं, चहा पितं आणि निघून जातं.

तुम्ही विषय दिलात, 'आमच्या घरात राहायला आलेला इंग्रजी शब्द'. मी 'लाईट' हा शब्द निवडला. निबंध मी सांगितला, पोरांनी उतरवून घेतला आणि महिनाभर पाठ केला. स्पर्धेच्या दिवशी एकाच्याही जवळ कागदाचा कपटा नव्हता. जे लिहिलं ते डोक्यातून लिहिलं. डोक्यातून आलेल्या गोष्टीला कॉपी म्हणतात, हे मला चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून माहीत नव्हतं.

आता खरं दुखणं सांगतो. पहिल्या येणाऱ्या मुलीला तुमच्या वसतिगृहात अकरावी-बारावीसाठी मोफत जागा मिळणार होती. ती राही आग्रेला मिळावी म्हणून मी हा खटाटोप केला. पोर हुशार आहे. बाप मुंबईत कुरिअर कंपनीत. त्याने ठरवून टाकलंय की दहावी झाली की राहीने नालासोपाऱ्याला आत्याकडे जायचं आणि आत्याचं बाळ सांभाळायचं. वसतिगृह मिळालं तर शिकवीन, एवढं मी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. ते तू एका सहीने घालवलंस.

फोन केले तर 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस. म्हणून पत्र. झालेली चूक मंडळाच्या कागदावर, लेखी मागे घे.

तुझा (अजून तरी)
काशीराम जाधव सर


रत्नागिरी
१६ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

सविनय जय भीम. फोन घेतला नाही, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो सर' म्हणते. मला या वेळी 'हो सर' म्हणायचं नव्हतं.

निबंध मी मुलांची आणि शाळांची नावं झाकून तपासले. तुमच्या गठ्ठ्यातला पहिला वाचला आणि खुर्चीत ताठ बसले. लाईट हा एक शब्द नसून एकाच कपड्यातले दोन शब्द आहेत, उजेडाचा लाईट वेगळ्या मुळाचा आणि हलक्याचा लाईट वेगळ्या मुळाचा. उजेडाचा तो आपल्या 'रुच्' या धातूच्या नात्यातला आणि हलका तो आपल्या 'लघु'चा चुलतभाऊ. जनावराच्या फुप्फुसांना इंग्रजीत लाईट्स म्हणतात, कारण ती वजनाला हलकी. घोड्यावरून किंवा गाडीतून उतरण्याला जो 'अलाईट' शब्द आहे, तोही या हलक्याच्याच घरातला, ओझं उतरवण्यातून आलेला. आणि आपण मात्र वीज, दिवा, बिल, तार या सगळ्यालाच लाईट म्हणून मोकळे. दहावीतल्या मुलाने हे लिहिलंय म्हणून मी शेजारच्या परीक्षकांना हाक मारून दाखवलं.

मग दुसरा वाचला. मग तिसरा.

सर, एकोणीस मुलांचे आजोबा एकाच ओटीवर, एकाच चिमणीच्या उजेडात बसलेत. एकोणीसही आजोबा वाऱ्याला आडवा तळहात धरतात आणि त्याच जागी खोकतात. ज्याचे आजोबा तो जन्मायच्या आधी गेले हे मला ठाऊक आहे, त्याचेसुद्धा खोकतात. समर्थ पाष्टेने तर 'इथे नवीन परिच्छेद' हे तुमचे शब्दही प्रामाणिकपणे लिहून काढलेत. बाकीचे परीक्षक हसले. मला हसू आलं नाही, माझ्या डोक्यात तिडीक गेली. याला कॉपी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा. चिठ्ठी मोज्यात नव्हती, एवढाच फरक.

स्पर्धेच्या नियमात पहिलीच ओळ आहे, निबंध स्वतःचा हवा. तुम्ही ती वाचली नाहीत असं मी समजणार नाही. तुम्ही नियम वाचायला शिकवणारे.

राहीचं वाईट वाटतं. पण तिची जागा मी घालवली नाही. तिने काही लिहिलंच नाही, लिहिलंत ते तुम्ही.

दीपाली


देऊळकोंड
२१ जानेवारी २०२५

दीपाली,

तू मला नियम वाचून दाखवतेस! बरं. मीही तुला काही वाचून दाखवतो.

कॉपी हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे? लॅटिनमध्ये 'कोपिया' म्हणजे सुबत्ता, विपुलता. एकाजवळ होतं ते अनेकांजवळ झालं, म्हणून नकलेला तो शब्द लागला. चोरीशी त्याचा जन्माने काही संबंध नाही. तो संबंध तुम्ही परीक्षकांनी लावलात. आणि डिलाईट हा शब्द घे. त्याचं लाईटशी काडीचं नातं नाही. पण लाईटचं स्पेलिंग बघून इंग्रजांनी त्याच्याही पोटात दोन मुकी अक्षरं कोंबली. सरळ सरळ नक्कल केली, आणि आज तीच बरोबर धरली जाते. त्या इंग्रजांना तुझ्या मंडळाने तीन वर्षं बाद करावं.

आता त्या आजोबांचं. ते आजोबा म्हणजे माझा बाप. ऐक नीट.

मी आठवीत होतो तेव्हा इंग्रजीचं पुस्तक घ्यायची आमची ऐपत नव्हती. वर्गातल्या एका मुलाचं पुस्तक मी शनिवारी मागून आणायचो आणि सोमवारी परत द्यायचो. पुस्तक ओटीवर ठेवून मी अख्खे धडे उतरवून काढायचो, चित्रांखालच्या ओळींसकट, पानांच्या आकड्यांसकट. बाप शेजारी चिमणी धरून बसायचा. वाऱ्याला तळहात आडवा धरायचा. त्याला अक्षर वाचता यायचं नाही. त्याच्या लहानपणी त्याला शाळेच्या पडवीत, सगळ्यांपासून लांब बसवलं होतं. चार दिवस बसला आणि उठून गेला. मी लिहायचो तेव्हा तो विचारायचा, 'सगला घेतलास ना? काय ठेवू नको.' काही मागे ठेवू नको, सगळं घे. ज्यांना पिढ्यानपिढ्या शब्दाला हात लावू दिला नाही, त्यांनी तो जसाच्या तसा, कानामात्रा न हलवता घरी आणला, याला पराक्रम म्हणतात. तू त्याला लबाडी म्हणालीस. तेही पोरांसमोर.

'स्वतःचं लिहा' असं सांगणं सोपं आहे. ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटं आहेत त्यांचं 'स्वतःचं' आपोआप चांगलं होतं. देऊळकोंडच्या पोराने स्वतःचं लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? 'लाईट जाते, लाईट येते.' तुम्ही त्याला दहापैकी तीन दिले असते आणि नाक मुरडलं असतं. मी त्यांच्या हातात चांगलं काहीतरी दिलं. गुन्हा केला?

आणि तू कुणाला शिकवतेस? १९९७ साली जिल्ह्यात पहिली आलीस ती कुणाच्या निबंधावर? 'माय मदर' तुला कुणी सांगितला होता? तेव्हा व्यासपीठावर चढून ढाल घेतलीस. तेव्हा नियमाची पहिली ओळ वाचली नव्हतीस वाटतं.

मे महिन्यात मी निवृत्त होतोय. एवढ्या वर्षांनंतर गावात मी कॉप्या करवणारा मास्तर म्हणून फिरायचं आहे. तुझ्या कृपेने.

काशीराम जाधव


रत्नागिरी
२ फेब्रुवारी २०२५

सर,

पत्र वाचून दोन दिवस कॉलेजात नीट शिकवता आलं नाही. चिमणी धरणाऱ्या तुमच्या वडिलांपुढे माझी मान खाली आहे आणि राहील. पण ते तुमचे वडील आहेत, सर. ते एकोणीस मुलांचे आजोबा नाहीत. त्यांच्यावर तुम्ही लिहायचं होतं, स्वतःच्या नावाने. मुलांच्या तोंडी का घातलंत?

'माय मदर' काढलात ते बरं केलंत. मी काढणार नव्हते.

त्या निबंधातली आई मला सकाळी कपाळाचा मुका घेऊन उठवायची. गरम दुधाचा पेला हातात द्यायची. संध्याकाळी मांडीवर डोकं घेऊन गोष्टी सांगायची. माझी आई चिऱ्याच्या खाणीवर जायची, ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मी उठायच्या आधी ती निघालेली असायची आणि येताना तिच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर लाल धूळ असायची. दूध आम्ही चहापुरतं घ्यायचो. ती मला मांडीवर घ्यायची नाही, कारण तिची कंबर दुखायची.

बक्षीस समारंभाला ती तुमच्याबरोबर जीपमधून आली होती. मी इंग्रजीतून घडाघडा म्हटलं, टाळ्या पडल्या, तिनेही वाजवल्या. येताना तिने विचारलं, माझ्यावर काय काय लिवलंस? मी मराठीत सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, 'ही बाय कोन गो? मी नाय ती.' रागावली नाही. नुसती खिडकीबाहेर बघत बसली. तुम्ही पुढच्या सीटवर ड्रायव्हरशी माझ्या मार्कांबद्दल बोलत होतात.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. मी तिच्यावर आजपर्यंत एक ओळ लिहू शकलेले नाही. लिहायला बसले की ती तुमची दूधवाली बाई येते आणि माझ्या कपाळाचा मुका घेते. मला तिचा संताप येतो, सर. तुमचाही येतो. ती ढाल मी कधी भिंतीला लावली नाही.

म्हणून म्हणते, मुलांच्या हातात चांगलं काहीतरी दिलंत हे खरं, पण त्यांच्या हातातलं आधी काढून घेतलंत.

आता कामाचं. परवा रागारागाने मी तो गठ्ठा पुन्हा काढला. एका निबंधात आजोबा खोकल्यानंतर चार ओळी वेगळ्या आहेत. पहिल्या तपासणीत माझ्या नजरेतून सुटल्या. ऐका: 'आमच्या घरात लाईट गेली की आई ओटीवर येते आणि काकी तिच्या दाराने बाहेर येते. अंधारात कोणाला दिसत नाही म्हणून त्या दोघी बोलतात. लाईट आली की आपापल्या घरात जातात. मला वाटतं, लाईट अजून थोडी उशिरा यावी.' नाव उघडून पाहिलं तर राही आग्रे.

सर, लाईटची मुळं तुम्ही सांगितलीत, पण हा अर्थ कुठल्या शब्दकोशात नाही. मी या चार ओळी मंडळाच्या फेसबुक पानावर टाकल्या. नाव दिलं नाही, शाळेचं आणि गावाचं तेवढं दिलं. हजारांवर लोकांनी वाचलं, कितीतरी जणांनी पुढे पाठवलं. तुमच्या शाळेचा मान वाढला, असंच समजा.

मंडळाशी भांडून मी एक मिळवलंय. दहावीची परीक्षा संपल्यावरच्या रविवारी राहीने इथे यावं, समोर बसून नव्या शब्दावर लिहावं. चांगलं उतरलं तर वसतिगृहाची जागा तिची. फक्त तिची, बाकी अठरा बाद ते बाद. शाळेतर्फे तुमची संमतीची सही हवी.

दीपाली


देऊळकोंड
१० फेब्रुवारी २०२५

दीपाली,

तुझ्या आईच्या मजकुराला मी उत्तर देत नाही. तो विषय इथे सोडतो.

पण तू हे काय करून ठेवलंस? 'नाव दिलं नाही' म्हणतेस. देऊळकोंडात दहावीत मुली किती, आणि एका छपराखाली दोन दारांनी राहणाऱ्या जावा कुठल्या घरात, हे शेंबडं पोरही सांगेल. तुझा तो फेसबुकचा मजकूर गावाच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेला. राहीच्या बापाने वाचला, काकाने वाचला. ते दोघे भाऊ एका फणसावरून भांडलेले, घरच्या बायकांनी एकमेकींशी बोलायचं नाही असा त्यांचा हुकूम. आता दोघांचेही फोनवर फोन. बायका चोरून बोलतात हे हजार लोकांना कळलं आणि नवऱ्यांना सर्वांत शेवटी. राहीच्या बापाने मला फोन करून नाही नाही ते ऐकवलं. पोर परीक्षा झाली की नालासोपाऱ्याला, त्यात आता बदल नाही म्हणतो.

सरावाच्या वेळी त्याच ओळी मी तिच्या वहीत बघितल्या होत्या. तांबड्या पेनाने काट मारली होती आणि तिला दम दिला होता, घरचं चव्हाट्यावर आणायचं नसतं म्हणून. तुला माझी ती काट जुलूम वाटेल. आता बघ, मी ती का मारली.

एका पोरीला तिथे पाठवून बाकी अठरांना चोर ठरवायला मी सही देणार नाही. सोबत राहीचं पत्र आहे. तिने स्वखुशीने माघार घेतली आहे. विषय संपला.

काशीराम जाधव


देऊळकोंड
१८ फेब्रुवारी २०२५

दीपाली मॅडम,

मागच्या पाकिटातलं पत्र माझं नव्हतं. अक्षर माझं होतं. 'स्वखुशीने' हा शब्द सरांनी सांगितला तेव्हा मी विचारलं होतं की तो जोडून लिहायचा की तोडून. एवढाच माझा त्यात सहभाग. हे पत्र कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे चुका असतील.

मला तुमचा खूप राग आलाय. सरांचा येतो, पण त्यांचा जुना झालाय. तुमचा ताजा आहे.

तुम्ही सरांना लिहिलंत की त्या चार ओळी किती छान, कुठल्या शब्दकोशात नाहीत वगैरे. सरांनी मला ते वाचून दाखवलं. मॅडम, मी काही ठरवून वेगळं लिहिलं नव्हतं. आजोबा खोकल्यानंतरचं सरांचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं. आठवेचना. घंटा व्हायला आली होती आणि कागद कोरा ठेवायची मला भीती वाटते. म्हणून जे माहीत होतं, वहीतलं सरांनी काट मारलेलं, ते लिहिलं. आणि मी ते परीक्षकांसाठी लिहिलं होतं. तुम्ही ते वाचून गुण द्यायचे, गठ्ठ्यात ठेवायचं. हजार लोकांना दाखवायला मी दिलं नव्हतं. मला विचारायला तुम्हाला एक फोन लागला असता. सरांनी त्यांची वाक्यं आम्हाला दिली. तुम्ही माझी घेतलीत. दोघांनीही विचारलं नाही.

घरी काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. बाबा फोनवर आईला ओरडले. काका काकीला ओरडले. हे दोघे मुंबईत राहतात, फणस इथे आहे, आणि बोलायचं नाही आम्ही बायकांनी. मग तीन दिवस लाईट जात होती तरी आई बाहेर आली नाही. काकीचं दार पण बंद. मी दोन्ही दारांच्या मधे ओटीवर बसून भूगोल केला. मला वाटत होतं मीच हे बंद केलं.

चौथ्या दिवशी भर सकाळी, सगळं लख्ख असताना, काकी आमच्या दारात आली. शेजारणी विहिरीवर होत्या, त्यांना दिसत होतं. काकी आईवर ओरडली, 'तुझ्या पोरीला लिवायला दुसरा काय गावला नाय?' आई पण ओरडली. आई एवढी ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं. फणस निघाला, लग्नातली साडी निघाली, आजीच्या दुखण्यात कोणी किती केलं ते निघालं. शेजारणी कळश्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग ओरडून ओरडून दोघी दमल्या. आईने पाणी दिलं. काकीने अर्धं पिऊन तांब्या आईला दिला.

मग काकीने आईचा फोन घेतला आणि बाबांना लावला. काकी बाबांसमोर कधी तोंड उघडत नाही, ते मोठे दीर आहेत. ती म्हणाली, 'भावजी, आमी बोलताव. लाईट असली तरी बोलनार. आनि पोरगी रत्नागिरीला जानार.' बाबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. काकीने फोन ठेवून दिला. बाबांचा नंतर आईला फोन आला, ते म्हणाले जागा मिळाली तर बघू. पहिल्यासारखंच म्हणाले, पण आवाज लहान होता.

यातलं काही तुमच्यामुळे झालं असं समजू नका. आई आणि काकी दोघी आता एकत्र तुमच्यावर रागावल्या आहेत. काकी म्हणते, त्या मास्तरणीला एकदा इथे येऊ दे. फेसबुकवरचं ते काढून टाका. आज.

आता माझं. मला शिकायचं आहे. आत्याचं बाळ गोड आहे, पण मला नाही सांभाळायचं. म्हणून मी येणार. पण मी एकटी येणार नाही, आम्ही एकोणीसजण येऊ. सगळ्यांना समोर बसवा, शब्द द्या, ज्याला जे येईल ते लिहू दे. समर्थने 'इथे नवीन परिच्छेद' असं लिहिलं म्हणून तुमच्याकडचे हसले म्हणे. तो शिमग्याच्या खेळे-नमनात सोंग घेतो तेव्हा आख्खं गाव हसतं, आणि ते तो स्वतःच्या मनाने बोलतो. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की निबंधात पण तसं चालतं. जागा एकच आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या कोणाला मिळाली तर मी रडेन, पण ती मला बाकीच्यांना चोर म्हणून नको.

हे सगळं मी सरांना काल वर्गात, सगळ्यांसमोर सांगितलं. ते खूप चिडले. टेबलावर डस्टर आपटला आणि बाहेर गेले. आज सकाळी आले आणि म्हणाले, तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून जाऊ, टेम्पोचं मी बोललोय. संमतीपत्रावर सही पण केली, ते सोबत आहे. पण हे पत्र त्यांनी मागितलं, तपासून देतो म्हणाले. मी दिलं नाही. त्यांनी हात पुढे धरलेला होता, तो बराच वेळ तसाच होता. मग त्यांनी खिशातून पाकीट आणि तिकीट काढून टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्यांची दया आली नाही. नंतर थोडी आली.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही कुठला शब्द द्याल तो द्या, मी लिहीन. पण आई आणि काकी आता उजेडात काय बोलतात ते मी रोज ऐकते, आणि ते मी लिहिणार नाही. तुम्हाला कितीही आवडलं असतं तरी. ते चांगलं आहे म्हणून नाही, आणि वाईट आहे म्हणून पण नाही. ते माझं आहे. कधी लिहायचं आणि कोणाला दाखवायचं ते मी ठरवीन.

राही आग्रे